वेताची खुर्ची

फणसवाडीतल्या आमच्या चाळीत एक गृहस्थ जपानी शिकवतात. चार वर्षांपूर्वी सत्यनारायणाच्या पाहुण्यांसाठी त्यांनी आमची वेताची खुर्ची नेली, ती अजून त्यांच्याच बुडाखाली आहे. मध्यंतरी आमच्या ऑफिसात जपानी साहेब येणार असं ठरलं आणि मी शहाणा त्यांच्याच शिकवणीला गेलो. ते खुर्चीवर, मी जमिनीवर.

पहिल्याच दिवशी त्यांनी मालकी सांगणाऱ्या इंग्रजी ‘ओन’ची चिरफाड केली. लोणच्याची फोड चोखावी तसे ते प्रत्येक शब्दानंतर डोळे मिटतात. “इंग्रज एका ‘ओन’वर भागवतात. दरिद्री भाषा! जपानीत वस्तू जवळ असणं म्हणजे ‘मोत्सु’. रीतसर मालकी म्हणजे ‘शोयू’. घ्या लिहून.” खुर्चीचा हात कुरवाळत त्यांनी सांगितलं आणि मी लिहून घेतलं.

पुढच्या आठवड्यात गावाहून बाबा आले. गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसता येत नाही. बायको म्हणाली, “अहो, आज खुर्ची आणली नाहीत, तर बाबांना तुमच्या मांडीवर बसवा!”

मी चाचरत विषय काढला. सरांनी डोळे मिटले.

“वडिलांसाठी ना? न्या की! चाळीत कसलं आलंय माझं-तुझं? फक्त वेत जपा आणि गुरुवारी आणून द्या. वर्ग असतो माझा.”

मी कमरेत वाकून, चक्क जपानीत, त्यांचे आभार मानले.

गुरुवारी बाबांना पलंगावर टेकवून खुर्ची परत नेली. सरांनी ती उलटी करून वेत नीट तपासला आणि म्हणाले, “ठीक आहे.”

मला हायसं वाटलं.