राखून ठेवलेलं तळं

माझ्या ताईला जग बघायचं वेड होतं, असं गल्लीतले लोक म्हणायचे. चूक. तिला भाऊजींबरोबर जग बघायचं वेड होतं. हा फरक गल्लीला कळला नाही याचं मला काही वाटत नाही. भाऊजींनाही कळला नाही, याचा मात्र अजून राग येतो.

दोघांना सगळे ‘फिरस्ते’ म्हणत. पोरंबाळं नाहीत, घर लहान, गरजा त्याहून लहान. लोक सोफे बदलायचे, ही दोघं बॅगा बदलायची. मी तिची धाकटी बहीण, घरी बसून लोकांचे पडदे शिवणारी. दुसऱ्यांच्या खिडक्यांची मापं घेण्यात माझी हयात गेली, स्वतः कुठल्या नव्या खिडकीतून बाहेर बघितलं म्हणाल तर नाव नको.

ताई दातांच्या दवाखान्यात मागच्या खोलीत कवळ्या बनवायची. एक नळ, प्लॅस्टरचं पिंप आणि फळीवर ओळीने मांडलेले जबडे. पहिल्यांदा गेले तेव्हा मी किंचाळले होते. ताई म्हणाली, “घाबरतेस काय, यातला एकही उलटून बोलत नाही.” तिचा हात इतका हलका की माणूस नवे दात घालून बाहेर पडला की घरचे म्हणत, अरे, हा तर आधीसारखाच हसतोय.

भाऊजी लिफ्टवाले. एकाच कंपनीत लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. तक्रार आली की पेटी उचलून गावोगाव जायचे. कंपनीचा अभिमान केवढा! “दुसऱ्याच्या लिफ्टला आम्ही हात लावत नाही, आणि आमच्या लिफ्टला दुसऱ्याला लावू देत नाही,” हे वाक्य मी लग्नकार्यात, दवाखान्यात, कुठे कुठे ऐकलंय. कुठल्याही इमारतीत शिरले की आधी लिफ्टमधली कंपनीची पाटी बघणार. आपली असली तर छाती फुगवणार, दुसऱ्याची असली तर नाक मुरडणार. बायकोचा वाढदिवस विसरतील, पण एकदा जिच्यात बसले ती लिफ्ट विसरणार नाहीत.

पुढची सहल कुठे, हे ठरवायचा दोघांचा एक सोहळाच असे. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरायचा, दोघांनी आपापली गावं सुचवायची, भांडायचं. नियम एकच, पण कडक: दोघांपैकी एकानेही ते गाव आधी बघितलेलं नसावं. कामासाठी जरी कुणी तिथून गेलं असलं, तरी ते बाद. “पहिल्यांदा बघायचं ते दोघांनी मिळून,” ताई म्हणायची. नियमाचा अर्थ लावायला मी. भाऊजी मला ‘पंच’च म्हणायचे. चहा मला आधी मिळायचा आणि शिव्याही.

ताई प्रवासाला जाताना दातांचं माप घ्यायचा तो लगदा बरोबर न्यायची. भिजवला की मऊ, घटकाभरात घट्ट. गाव सोडायच्या दिवशी तिथल्या एखाद्या वस्तूवर तो दाबायचा, ठसा घ्यायचा आणि घरी आल्यावर त्यात प्लॅस्टर ओतायचं. कुठल्या बाकाचा कोपरा, कुठल्या दाराची कडी, एका जहाजाच्या कठड्यावरचा गंजका खिळा. जेवणाच्या टेबलामागची भिंत या पांढऱ्या तुकड्यांनी भरली होती. मधोमध एक जागा मात्र तिने मुद्दाम रिकामी ठेवली होती. ती जागा तळ्याची.

हे तळं तिला एका म्हाताऱ्या शिक्षिकेने दिलं होतं. ताई नवीन नोकरीत असताना ती कवळी बसवून घ्यायला आली आणि बोळक्या तोंडाने सांगत बसली, की डोंगरातल्या एका तळ्याकाठी एक हॉटेल आहे, वरच्या मजल्यावर पाण्यावर झुकलेली गॅलरी आहे, आणि ती नि तिचा नवरा आठवडाभर तिथे नुसते बसून होते. “काही बोलायची गरजच पडली नाही बघ,” ती म्हणाली. ताईने त्याच संध्याकाळी भाऊजींना सांगितलं, “हे आपलं म्हातारपणचं. आधी सगळं जग बघू, मग तिथे जाऊन गप्प बसू.” भाऊजी हो म्हणाले. तेव्हापासून नकाशावरच्या त्या गावाला कुणी बोट लावत नसे. मी एकदा गमतीत लावलं तर ताईने माझ्या हातावर चापट मारली होती.

ताई निवृत्त झाली त्या वर्षी तिने नकाशा पसरलाच नाही. फोनवर हॉटेलचा फोटो उघडून फोन टेबलाच्या मधोमध ठेवला. साठीची बाई, पण चेहरा असा की जणू आजच मागणी आलीय.

“यंदा भांडण नाही,” ती म्हणाली. “आणि पंचबाई, या वेळी तूही यायचंस. तळं मी तुलाही दाखवणार.”

मी काही बोलायच्या आत भाऊजी म्हणाले, “कशाला घाई? अजून समुद्राकडची बाजू राहिलीय की.”

“घाई? अहो, गुडघे गेल्यावर जायचं का? ही बघा, चौथ्या मजल्यावरची खोली. गॅलरीची.”

“चौथा नको,” भाऊजी पटकन म्हणाले. “लिफ्ट तिसऱ्यालाच संपते. पुढचा जिना अरुंद, बॅगा उचलून न्याव्या लागतात.”

मी चहाचा कप तोंडाला लावला होता, तो तिथेच राहिला. ताईने फोन उचलला, फोटो मोठा केला, पुन्हा लहान केला.

“यात लिफ्ट कुठे दिसतेय?” तिने विचारलं.

भाऊजींची ततपप झाली. मग म्हणाले, “अगं, कामाला गेलो होतो. तक्रार आली होती. सकाळी गेलो, संध्याकाळी परत. लिफ्टच्या यंत्राच्या खोलीतून बाहेरसुद्धा पडलो नाही. तळं कुठल्या दिशेला आहे तेही विचारलं नाही. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.”

ताईने माझ्याकडे बघितलं. नियमाप्रमाणे गाव बाद होतं, आणि तिच्या डोळ्यांत ते बाद होऊ नये म्हणून एवढी विनवणी होती की मला बघवेना. मी निकाल दिला: यंत्राच्या खोलीतून बाहेर न पडलेल्या माणसाने गाव बघितलं असं होत नाही. ताईने सुटकेचा निःश्वास टाकला. भाऊजींनीही टाकला, पण तो मला तेव्हा ऐकू आला नाही.

आम्ही तिघं गेलो. गाडीतून उतरल्यावर ताईने तळ्याकडे पाठ केली, माझंही तोंड फिरवलं. म्हणाली, आधी खोलीत जायचं, गॅलरीचं दार उघडायचं आणि तिघांनी एकदम बघायचं. लहान मुलीसारखी डोळ्यांच्या कडेला हात लावून ती हॉटेलात शिरली. मला हसू आवरेना.

“चला, जिन्याने जाऊ,” भाऊजी म्हणाले.

मला अजून ते वाक्य ऐकू येतं. लिफ्ट दिसल्यावर जिन्याने जाऊ म्हणणारे भाऊजी मी जन्मात बघितले नव्हते. ताईने सुद्धा डोळ्यांच्या कडेचे हात खाली घेतले. “एवढ्या बॅगा घेऊन?” ती म्हणाली आणि लिफ्टचं बटण दाबलं.

जुनी, छोटी लिफ्ट. तिघं आणि सामान दाटीवाटीने उभे राहिलो. ताईच्या डोळ्यांसमोरच पितळी पाटी होती. इतकी वर्षं लिफ्टवाल्याशी संसार केलेली बाई, तिची नजर सवयीने पाटीवर गेली. पाटीवर भाऊजींच्या कंपनीचं नाव नव्हतं. ज्या कंपनीच्या नावाने ते जन्मभर नाक मुरडत आले, तिचं होतं. पाटी इतकी जुनी की अक्षरं बोटांनी झिजली होती.

भाऊजी आपल्या बुटांकडे बघत होते. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली. खरंच तिथेच संपत होती.

ताई बाहेर आली आणि अरुंद जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली. “दुसऱ्याच्या लिफ्टला तुम्ही हात लावत नाही,” ती म्हणाली. आवाज अगदी साधा. “कोण होती बरोबर?”

“कुणी नव्हतं गं. शप्पथ. एकटाच आलो होतो.”

“कधी?”

“हिचं ऑपरेशन होतं तेव्हा.” त्यांनी हनुवटीने मला दाखवलं.

माझं पित्ताशय काढलं तेव्हा ताई माझ्याकडे राहायला होती. भाऊजींचा रोज संध्याकाळी फोन यायचा. जेवलो, दूधवाला येऊन गेला, कुंड्यांना पाणी घातलं. ताई फोन ठेवून मला म्हणायची, बघ, किती करतात. घरी परतली तर कुंड्यांतली रोपं वाळून कोळसा झालेली. “पाणी जास्त झालं वाटतं,” भाऊजी म्हणाले होते, आणि त्यावरून आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो. टाके दुखेपर्यंत.

“फोन इथून करत होता?” ताईने विचारलं.

त्यांनी मान हलवली.

“त्या गॅलरीतून?”

पुन्हा मान.

“का?”

भाऊजींनी हातातल्या बॅगा खाली ठेवल्या. मग म्हणाले, “प्रत्येक ठिकाणी तू विचारायचीस, कसं वाटलं, आवडलं ना. एकदा कुणी न विचारता बघायचं होतं.”

“मग दुसरं कुठलंही गाव घ्यायचं होतं. एवढं जग पडलं होतं.”

“तू एवढं राखून ठेवलं होतंस. वाटलं, म्हातारपणापर्यंत कोण थांबतंय.”

खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. एखादी बाई असती तर आम्ही दोघींनी मिळून तिला शिव्या तरी घातल्या असत्या. एकट्या माणसाला काय शिव्या घालणार? पण याला केसाने गळा कापणं म्हणतात, असं मी तिथेच, जिन्यात उभी राहून त्यांना ऐकवलं. ताईने मला थांबवलं नाही. “कसं आहे तळं?” तिने फक्त विचारलं. कुणी न विचारता बघितलेलं तळं भाऊजींना विचारल्यावर सांगता येईना.

ठरलेले दिवस आम्ही राहिलो. मी गॅलरीत बसले. तळं सुंदर होतं, मी उगाच नाही कशाला म्हणू? ताई खोलीत विणत बसायची, दाराकडे पाठ करून. भाऊजी खाली पायऱ्यांवर. आठवडाभर कुणी काही बोललं नाही. त्या शिक्षिकेने सांगितलं होतं तसंच झालं.

निघायच्या सकाळी ताईने लगदा भिजवला. मला वाटलं, शेवटी पाण्याजवळ जातेय, आणि मला बरंही वाटलं. ती लिफ्टमध्ये गेली. दाराला बॅग लावून ठेवली आणि लगदा त्या पितळी पाटीवर दाबून धरला. बाहेर माणसं खोळंबली होती. “दोन मिनिटं हं,” ती त्यांना म्हणाली, दवाखान्यात पेशंटना म्हणायची तशी.

घरी आल्यावर तिने ठसा ओतला आणि भिंतीवरच्या रिकाम्या जागी लावला. काम नेहमीसारखंच चोख. त्या कंपनीचं नाव, झिजलेल्या अक्षरांसकट, लख्ख वाचता येतं. मग तिने टेबलाभोवतीच्या खुर्च्या फिरवल्या. भाऊजींची खुर्ची आता भिंतीसमोर आहे.

पुढच्या वर्षी ठरल्या दिवशी भाऊजींनी स्वतः नकाशा पसरला. मलाही बोलावलं, चहासुद्धा स्वतः केला. कडेकडेने नकाशा सारखा करत म्हणाले, “या वेळी तू म्हणशील तिथे. एका शब्दाने भांडणार नाही.”

ताई खिडकीशी उभी होती. नवीन आणलेल्या रोपांची वाळकी पानं खुडत होती. तिने वळूनही बघितलं नाही.

“तुम्ही जाऊन या,” ती म्हणाली. “कुंड्यांना पाणी मी घालीन.”