गाडी गिरणीवर वस्तीला

गाडी घ्यायच्या आधीच राजश्रीकाकी चार्जिंगला जायला लागली आणि आमच्या पाखाडीला हसायला विषय मिळाला.

खांद्याला पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि विणकाम. पायऱ्या चढून वर रस्त्याला यायची, रिक्षा मिळाली तर रिक्षाने नाहीतर चालत चार्जिंग स्टेशन गाठायची, तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीत तासभर बसायची आणि परत यायची. तिथल्या माणसाने विचारलं, कुणाची वाट बघताय? तर म्हणाली, माझ्या गाडीची, ती अजून घेतलेली नाही. त्याला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. पाखाडीतल्या लोकांनाही तसंच वाटत होतं, फक्त ते तोंडावर बोलत नव्हते.

काकी मात्र अगदी शुद्धीवर होती. एसटीत नवा मार्ग सुरू करायचा तर आधी कुणीतरी जाऊन रस्ता बघून येतं, वळण कुठे आहे, गाडी फिरवायला जागा कुठे आहे. काकी तेच करत होती. गाडी घेतली तर आपले दिवस कसे जातील, हे तिला गाडी नसतानाच जगून बघायचं होतं.

रत्नागिरीत मांडवीच्या अंगाला उतरणारी आमची पाखाडी म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची गल्ली. वर रस्ता, खाली घरं, मध्ये नुसत्या पायऱ्या. दारात सायकलसुद्धा येत नाही. सिलिंडर खांद्यावरून उतरतो, फ्रीज चौघं धरून आणतात, आणि नवी नवरी सजवलेल्या गाडीतून वर रस्त्यावर उतरते आणि शालू सावरत घरापर्यंत चालत येते. ज्यांच्याकडे गाड्या आहेत ते त्या वरच रस्त्याच्या कडेला लावतात. पेट्रोलच्या गाडीचं तेवढ्यावर भागतं. विजेच्या गाडीला घरून वायर न्यायची म्हटली तर ती अर्ध्या पाखाडीच्या दारांवरून जाईल.

शोरूममधला गुरुप्रसाद नावाचा मुलगा घरी चार्जिंगचा पॉइंट बसवायची जागा बघायला आला होता. पायऱ्या उतरून काकीच्या दारात उभा राहिला, घाम पुसला, आल्या वाटेकडे वळून बघितलं. सरळ मुलगा होता. म्हणाला, "काकी, मी विकायला बसलोय, तरी सांगतो. इथे नाही होणार. तुम्ही पेट्रोलची घ्या."

काकीने त्याला कोकम सरबत दिलं आणि विजेच्याच गाडीची चौकशी चालू ठेवली.

राजश्री नागवेकर एसटीत कंडक्टर होती. बायकांना कंडक्टर म्हणून घ्यायला लागले, त्या सुरुवातीच्या काळातली. नवरा महिपत बोटीवर खलाशी, वर्षातले बरेच महिने समुद्रात. मुलगा शुभंकर लहान, तो सासूजवळ. पहिलं पोस्टिंग मंडणगडला मिळालं. घरातल्यांनी सांगितलं, एवढ्या लांब नको. ती गेली. मग वस्तीच्या गाडीचा प्रश्न आला. संध्याकाळी शेवटची गाडी डोंगरातल्या एखाद्या वाडीत जाते, रात्री तिथेच थांबते आणि सकाळी तिथूनच प्रवासी घेऊन निघते, ती वस्तीची गाडी. ड्रायव्हर आणि कंडक्टर तिथेच झोपतात, देवळात नाहीतर गाडीतच. बाईमाणूस कुठे झोपणार, म्हणून सहकारी म्हणाले, ही ड्युटी राजश्रीला नको. राजश्रीने ड्युटी मागून घेतली. पहिल्या दिवशी वाडीत उतरली तेव्हा झोपायची जागा तिलाही ठाऊक नव्हती. तुळसा नावाची शेतकरीण पाण्याची कळशी घेऊन चालली होती, तिने विचारलं, "तू काय गाडीत झोपणार गो? ये माझ्या पडवीत." पुढे जेवढी वर्षं ती ड्युटी होती, तेवढी वर्षं राजश्रीची वस्ती तुळसाच्या पडवीत. नंतर बदली होऊन ती रत्नागिरीला आली, पण तुळसाशी जुळलेलं तुटलं नाही. तुळसा आता थकलीय, तिला येववत नाही. राजश्रीच जाते, दोनदा गाडी बदलून.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच महिन्यात ती गाडी शिकली. एवढी वर्षं दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत उभं राहून काढली, आता स्वतःची गाडी स्वतः चालवत मंडणगडला तुळसाकडे जायचं, एवढंच तिच्या मनात होतं. आणि ती गाडी विजेचीच हवी, याचं कारण तिचा डावा कान. त्या कानाने तिला कमी ऐकू येतं. डॉक्टर म्हणतात वयामुळे, ती म्हणते इंजिनामुळे. शोरूमच्या गाडीतून गुरुप्रसादबरोबर पहिली चक्कर मारून आली तेव्हा तिने महिपतकाकांना सांगितलं, "अहो, वळण घेताना माझ्याच हातातल्या बांगड्या वाजलेल्या मला ऐकू आल्या." त्या चकरेनंतर पेट्रोलचं नाव तिच्यापुढे काढायची सोय राहिली नाही.

शुभंकरने तरी काढलं. तो मुंबईत नोकरीला, रविवारी फोन करणारा, आईची काळजी करणारा मुलगा. त्याचं म्हणणं वेडगळ नव्हतं. आयुष्यभर तू दुसऱ्यांच्या सोयीसाठी उभी राहिलीस, आता स्वतःची गैरसोय कशाला विकत घेतेस, असं तो कळवळून विचारायचा. मग व्हिडिओ पाठवायचा. प्रत्येक व्हिडिओत कुणीतरी स्वतःच्या बंगल्यासमोर उभा राहून सांगत असायचा की घरी चार्जिंग नसेल तर या फंदात पडू नका.

"सगळे हेच सांगतात, आई."

"या सगळ्यांच्या दारात गाडी जाते ना?"

"जाते म्हणून तर त्यांना माहीत आहे."

"त्यांना दारात गाडी असल्याचं माहीत आहे. दारात गाडी नसल्याचं त्यांना काय माहीत? ते मला विचार."

महिपतकाका या वादात पडत नसत. एकदाच म्हणाले की बोटीला कुठे घर असतं, ती ज्या बंदराला लागेल तिथे भरून घेते. शुभंकर म्हणाला, बाबा, तुम्ही तिला चढवू नका.

तर असं ते गाडीशिवाय चार्जिंगला जाणं सुरू झालं. आणि खरं सांगायचं तर त्यातून जे दिसलं, ते शुभंकरच्या बाजूचं होतं. एकदा मशीन बंद होतं आणि दुरुस्तीवाला कोल्हापूरहून यायचा होता. एकदा पर्यटकांची गाडी लावलेली आणि माणसं मासे खायला गेलेली, ती सावकाश हात पुसत परत आली. एकदा देखभालीसाठी लाइट बंद. एकदा सगळं ठीक होतं, पण मोबाईलवरून पैसेच जात नव्हते आणि चिपळूणचा एक डॉक्टर तिथे घामाघूम होऊन फोनला शिव्या घालत होता. कधीमधी प्रवासाला निघताना ठीक, पण रोजची गाडी या भरवशावर ठेवता येणार नाही, हे काकीला कळलं. तिने ते लपवलंही नाही. रविवारी स्वतःच शुभंकरला सांगितलं.

त्याला बरं वाटलं. म्हणाला, चला, प्रश्न मिटला.

"चार्जिंग स्टेशनचा मिटला," काकी म्हणाली. "गाडीचा कुठे मिटला?"

यानंतर मात्र तिने चार्जिंगला जाणं थांबवलं. शोरूममधून फोन आला तर नंतर बोलते म्हणायची. पाखाडीतल्या बायका आता तोंडावर विचारायला लागल्या, काय गो, तुझ्या गाडीचं चार्जिंग झालं का? ती म्हणायची, होईल, तुम्ही बसायला तयार राहा. पण पूर्वी हे ती हसून म्हणायची, आता दात आवळून.

पाखाडीच्या डोक्याशी, रस्त्याला लागून भागोजीची पिठाची गिरण आहे. गिरणीपुढे मोठं अंगण, पत्र्याची शेड. पूर्वी तिथे भाताच्या गोणी उतरायच्या, आता मांजरं झोपतात. काकी घावनाचे तांदूळ घेऊन गेली होती. भागोजी नेहमीचं रडगाणं गात होता. लोकांनी घरघंट्या घेतल्या, सुनांना पिशवीतलं पीठ लागतं, गिरणीत यायला लाज वाटते. कट्ट्यावर चार-पाचच डबे होते, प्रत्येकावर ऑइलपेंटने नाव. संध्याकाळी ठेवायचे, सकाळी दळून न्यायचे. काकीने आपला डबा त्या रांगेत ठेवला आणि तशीच उभी राहिली. मग मागे वळून शेडकडे बघितलं.

"भागोजीदादा, रात्री ही जागा रिकामीच असते ना?"

"रिकामी कशी? मांजरं असतात."

"त्यांना सांग जरा सरकून झोपायला. माझी गाडी वस्तीला येईल."

भागोजीने आधी हसण्यावारी नेलं. मग काकी खरंच बोलतेय हे कळल्यावर त्याचा चेहरा उतरला. वीज कुणाची, बिल कुणाचं, काही जळलं तर जबाबदारी कुणाची, हे सगळं त्याने विचारलं आणि काकीने उत्तरं दिली. पण खरी गोष्ट त्याने शेवटी सांगितली.

"लोक काय बोलतील माहीत आहे? भागोजीची गिरण चालत नाय, म्हणून आता लोकांच्या गाड्या सांभाळतो."

"मी हा डबा ठेवून जाते, तेव्हा कुणी बोलतं का, भागोजी राजश्रीचे तांदूळ सांभाळतो? संध्याकाळी ठेवायची, सकाळी न्यायची, तुझे पैसे द्यायचे. दळणच आहे हे."

"दळण वेगळं."

"कसं वेगळं? घरी चार्जिंग नाही तर गाडी घेऊ नये म्हणतात. उद्या म्हणतील, घरी घरघंटी नाही तर भाकरी खाऊ नये. मग तू काय करणार?"

भागोजी गिरणीचा पट्टा तपासत राहिला. मान वर न करताच म्हणाला, "असं बोललं तरी कोण?"

"माझा मुलगा."

"भाकरीचं?"

"गाडीचं. भाकरीचंही बोलेल, त्याला एक व्हिडिओ मिळू दे."

तो हो म्हणाला नाही. पण दुसऱ्या दिवशी काकी पीठ आणायला गेली तर शेड झाडलेली होती आणि कोपऱ्यातला जात्याचा जुना तुटका दगड बाहेर काढून ठेवलेला होता. भागोजीने एकच अट घातली, दळण आधी. गिरण चालू असताना गाडीला वीज मिळणार नाही. काकी म्हणाली, मंजूर, तुझी गिरण दिवसा, माझी गाडी रात्री.

पुढचं काम कंटाळवाणं होतं आणि ते काकीने एकटीने रेटलं. गिरणीच्या मीटरवरून दुसऱ्याला वीज द्यायची नव्हती, म्हणून गाड्यांच्या चार्जिंगसाठी त्या जागेवर वेगळा मीटर मागितला. त्यासाठी तिने वीज कार्यालयात हेलपाटे घातले, कधी भागोजीला बरोबर घेऊन, कधी त्याची सही घेऊन. मी इलेक्ट्रिकलची कामं करणारा, म्हणून अर्थिंग बघायचं काम माझ्याकडे आलं. जुनं अर्थिंग नावालाच होतं. नवा खड्डा घ्यायला गेलो तर हातभर खाली कातळ लागला, जागा बदलावी लागली. पॉइंट गिरणीच्या आत नको, पिठाची धूळ असते, असं मी सांगितलं. तो शेडच्या बाहेरच्या बाजूला, झाकणाच्या पेटीत बसवला. भागोजी सगळा वेळ कमरेवर हात ठेवून उभा होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता की हे त्याने फार आधीच मनात धरलं होतं.

शुभंकरला हे सगळं कळत होतं. गाडीचे पैसे भरायच्या आदल्या दिवशी त्याने फोन केला. आवाज चढवला नाही. म्हणाला, गिरणीवाल्याचं उद्या बिनसलं तर? तू परत रस्त्यावर.

काकी म्हणाली, "तुळसाचं कधी बिनसलं का?"

"आई, ती तुळसामावशी. सगळे तसे नसतात."

"पहिल्या दिवशी तीही मला ओळखत नव्हती. आणि भागोजीचं बिनसलं तर मी दुसरी वस्ती शोधेन. मला वस्ती शोधता येते, शुभंकर. ते काम मी पगार घेऊन केलंय."

दुसऱ्या दिवशी तिने पैसे भरले. गाडी निळी, खाडीच्या पाण्यासारखी. संध्याकाळी ती गिरणीसमोर आली तेव्हा अख्खी पाखाडी पायऱ्या चढून वर आली होती. हसणाऱ्या बायका आधी येऊन बसून गेल्या. काकीने वायर लावली, दिवा हिरवा झाला, आणि महिपतकाकांबरोबर ती पायऱ्या उतरून घरी गेली. बाकी सगळं जसं खाली येतं तसं, चालत.

सकाळी मंडणगडला निघायचं होतं. काकी पिशव्या घेऊन वर आली तर भागोजीने लवकरच गिरण सुरू केली होती. समुद्रावरचं वारं होतं. गिरणीच्या खिडकीतून उडालेलं पीठ सगळं गाडीवर बसलं होतं, टपापासून चाकांपर्यंत. भागोजी ओशाळून फडकं घेऊन धावला. तेवढ्यात शुभंकरचा व्हिडिओ कॉल आला.

"आई, पांढरी घेतलीस? निळी म्हणाली होतीस ना?"

"निळीच आहे. दळून आलीय."

तो हसणार नव्हता, पण हसला. मग लगेच सावरून विचारलं, वाटेत काय, आणि मंडणगडला चार्जिंग कुठे करणार?

"वाटेत चिपळूणला. तिथलं बंद असेल तर खेडला. आणि मंडणगडला तुळसाच्या पडवीत. पाण्याच्या पंपाचा पॉइंट आहे, मी विचारून ठेवलंय. रात्रभर हळूहळू भरेल. मी तिथेच झोपायचे, आता ही झोपेल."

भागोजी टप पुसायला लागला, तेव्हा काकीने त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं. "राहू दे, दादा. बघू देत लोकांना, कुठून निघालीय ते." फक्त पुढची काच तिने स्वतः पुसली. तुळसासाठी घेतलेला तांदळाच्या पिठाचा डबा मागे ठेवला, महिपतकाकांना पट्टा लावायला सांगितला, आणि गाडी सोडताना कंडक्टर दोनदा घंटी मारतात तसं बोटाच्या पेराने स्टिअरिंगवर दोनदा ठोकलं.

गाडी निघाली तेव्हा आवाज फक्त गिरणीचा येत होता.