बाहेरून लावलेलं कुलूप

हे मी आजपर्यंत कोणाजवळच बोललो नाही. बायकोजवळ नाही, गावी आईजवळ नाही. दोन घोट पोटात गेल्यावरही नाही — आणि तेव्हा माणूस काय काय ओकून टाकतो, ते तुम्हाला माहीतच आहे. आज सांगतो. बोलता बोलता आवाज चढला तर चढू द्या. राग तुमच्यावर नाही.

मी बुलढाण्याकडच्या खेड्यातला. आठवीत शाळा सोडली आणि नागपूरला आलो. शहराबाहेर वाडी नाक्याकडं एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमालीला लागलो. लागलो कुठला — रामदासभाऊनं लावलं. ते तिथले मुकादम, मूळचे उमरेडचे. घरचा हातमाग बंद पडला म्हणून इकडं आलेले. ओळख ना पाळख, आपल्या खोलीत मला जागा दिली. टायफॉइड झाला तेव्हा वहिनींनी महिनाभर पेज करून पाजली. मी पहिल्यापासून घाबरट. कोणी मोठ्यानं बोललं तरी हाताला घाम सुटायचा. अशा माणसाला त्यांनी चार माणसांत उभं केलं. हे आधीच सांगून टाकतो. पुढचं ऐकल्यावर माझ्या तोंडून ते तुम्हाला खरं वाटायचं नाही.

आमचे शेठ एका फुटबॉल स्पर्धेच्या कमिटीचे अध्यक्ष होते. फायनल असली की गोदामातली माणसं मैदानावर राबायला. कोणी खुर्च्या उचला, कोणी पाणी भरा. त्या रविवारी मागचं फाटक रामदासभाऊकडं आणि माझ्याकडं होतं. पुढचं फाटक पाहुण्यांच्या गाड्यांसाठी, मागचं पब्लिकसाठी. हाफटाइमला बिनतिकिटाची पोरं मागून घुसायला लागली. रामदासभाऊला गॅलरीकडं बोलावणं आलं. जाता जाता त्यांनी चावी माझ्या हातात दिली आणि मला दोन गोष्टी सांगितल्या. साखळीला कुलूप आतून लाव. आणि मॅच संपायच्या आधी खोल.

आतून! एवढं साधं. पण मी पोरांना हाकलायला बाहेर गेलो, फाटक ओढलं, साखळी घातली आणि कुलूप बाहेरूनच लावलं. गोदामात सहा वर्षं रोज संध्याकाळी तेच करत होतो. शटर खाली, कुलूप बाहेरून, चावी खिशात. गोदाम बंद केलं की आत पोती असतात. पोत्यांना बाहेर यायचं नसतं. हाताला तेवढंच ठाऊक.

इथवर चूक म्हणा. सवय म्हणा. यासाठी मी तुम्हाला बसवून ठेवलं नसतं.

मग मी पुढच्या फाटकानं आत आलो आणि मॅच पाहत बसलो. बरोबरी झाली, पेनल्टी आल्या. फाटक आठवलं नाही का? आठवलं. दोनदा आठवलं. दोन्ही वेळा म्हटलं, एवढी एक किक पाहून जातो. आपली टीम जिंकली. अख्खी गॅलरी एकदम उठली, आणि मी खिशातली चावी चाचपली. पुढच्या फाटकावर पाहुण्यांच्या गाड्या निघेस्तोवर पब्लिकला अडवलेलं. सगळी गर्दी मागं वळली. त्या गर्दीतून मागच्या फाटकाशी पोचणं शक्य नव्हतं. मी छातीवरचा कमिटीचा बिल्ला दाखवून पुढून निघालो आणि भिंतीच्या कडेनं धावत मागं आलो.

फाटक खाली पत्र्याचं, वर गजांचं. गजांना माणसं चिकटली होती. मागच्यांना वाटे पुढचे मस्करी करून राहिले, म्हणून ते आणखी रेटत होते. एक बाई पोराला डोक्यावर धरून उभी होती. आणि मधोमध रामदासभाऊ. त्यांनी मला पाहिलं. गजांतून खांद्यापर्यंत हात बाहेर काढला.

"चावी दे गा मले. तू नको येऊ जवळ, फक्त चावी दे."

चार पावलं. चावी माझ्या मुठीत होती. ते फाटक बाहेर उघडतं, उघडलं की सगळे माझ्या अंगावर येतील — हे मनात आलं. पण ते तर म्हणत होते की जवळ येऊ नको! फेकली असती तरी त्यांच्या हातात पडली असती. मग काय आलं होतं मनात? सांगतो. आता चावी दिली तर सगळ्यांना दिसेल की ती माझ्याकडं होती. शेठला कळेल. हे आलं होतं. त्या बाईच्या डोक्यावरचं पोर रडत होतं आणि मी माझ्या नोकरीचा विचार करत होतो.

मी उभाच राहिलो. शेवटी एका बाजूचं बिजागर उखडलं, फाटक तिरपं होऊन पडलं, आणि रामदासभाऊचा हात गजांतच होता.

मेलं कोणी नाही. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की आता त्या वाक्याची मला शिसारी येते.

चावी मी नालीत टाकली. शेठनं विचारलं, चावी कोणाकडं होती? रामदासभाऊकडं, मी म्हणालो. धमकी नाही, मारहाण नाही, एकदाच साधं विचारलं होतं. दुसऱ्या दिवशी शेठ दवाखान्यात गेले. सोबत मी. शेठनं पलंगाजवळ उभं राहून झापलं — चावी हरवता, लोकांचा जीव घेता का? रामदासभाऊनं माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीकडं.

"असन," ते म्हणाले. "माह्याकडंच असन."

काहून? काहून बोलले नाहीत ते? एक शब्द बोलले असते तर मी तिथंच उघडा पडलो असतो, सुटलो असतो. कित्येक वर्षं मला त्यांचाच राग येत होता. बघा, निर्लज्जपणा किती! ज्याचा हात गेला, त्याच्यावरच राग.

हात नीट बसला नाही. पोतं उचलणं संपलं, शेठनं मुकादमीही काढली. ते वहिनींना घेऊन उमरेडला गेले. मुकादम मी झालो. ती खोलीही आता माझ्याच नावावर आहे. दिवाळीला त्यांचा फोन येतो, तब्येत विचारतात, पोरांचं विचारतात. फाटकाचं कधी काढत नाहीत. मीही काढत नाही.

गोदामात मात्र ते नाव राहिलंय. कोणी काही विसरलं, कागद हरवला, दोरी घरी राहिली, की हमाल म्हणतात, "काहून गा, रामदास झाला का तू?" नव्या माणसांनी तर रामदासभाऊला पाहिलेलंही नाही.

परवा एक ड्रायव्हर मालाची बिल्टी, म्हणजे गाडीबरोबरची पावती, विसरून आला. सगळे माझ्याकडं पाहून राहिले होते, मुकादम आता काय बोलतो म्हणून. मी तेच म्हणालो. सगळे हसले. मीही हसलो.