गारांच्या रस्त्याने बैहरला

नोकरीचं पत्र माझ्या हातात पडलं, त्याच दिवशी कामावर हजर होण्याची शेवटची तारीख होती.

अर्ज भरला तेव्हा मी किरनापूरला मामांकडे राहत होते, म्हणून पत्ता तिथला दिला होता. मामा आठवडाभर बाहेरगावी होते. परत आल्यावर त्यांना दाराखालून आत सरकवलेला लिफाफा दिसला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ते तो घेऊन भरवेलीला आमच्या घरी आले. साडेअकरा वाजले होते. पत्र हिंदीत होतं. बैहरच्या शाळेत शिक्षिका म्हणून माझी नेमणूक झाली होती, आणि आज सायंकाळी पाचपर्यंत हजर झाले नाही तर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावलं जाणार होतं.

ही सदुसष्ट-अडुसष्टची गोष्ट, फेब्रुवारी महिन्यातली. मी एकवीस वर्षांची होते. बाबा खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यापासून त्यांनी ठरवलं होतं की मुलगी मास्तरीण होईल. माय खाणीवर मँगनीजचे दगड निवडायला जायची. तिचं ठरलेलं बाबांपेक्षाही पक्कं होतं, फक्त ती ते बोलून दाखवत नसे.

बैहरची बस एक वाजता आमच्या कॉलनीसमोरून जायची. मी लुगडं बदललं, प्रमाणपत्रं प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळली, आणि बाहेर पडणार तोच अंधारून आलं. आधी वारा सुटला, मग छपराच्या कवेलूंवर दगड फेकावेत तसा आवाज. अर्धा तास गारा पडल्या. सुरुवातीला बोराएवढ्या, नंतर लिंबाएवढ्या. शेजारच्यांच्या छपराची एक बाजू फुटली. थांबल्यावर दार उघडलं तर अंगण पांढरं झालं होतं. तोवर मी बर्फ पाहिला होता तो बालाघाटच्या सरबताच्या दुकानात, भुशात ठेवलेला.

बस दोनला दहा मिनिटं कमी असताना आली. कंडक्टर पायरीवर उभा होता.

"आगे नहीं जाएगी," तो म्हणाला. "ऊपर पूरा घाट सफेद है. ट्रकवाले लौट आए."

"मले आज पाचच्या आत बैहरले पोचायचं आहे," मी म्हणाले.

"तो कल जाना, बहनजी."

बस तिथेच वळली आणि बालाघाटकडे परत गेली. मामा म्हणाले, एखादा अर्ज लिहून पाठवू, गारांचं कारण सांगू. बाबांच्या उजव्या हाताला मोठं बँडेज होतं. महिन्याभरापूर्वी घरीच जॅक निसटून तीन बोटं चेमटली होती. ते घरामागच्या बांबूच्या ताट्यांच्या छपराकडे पाहत होते. तिथे आमची गाडी उभी होती.

त्या गाडीबद्दल सांगायला हवं. ती विलायती होती, दोनच सीटांची, उघडी, जमिनीलगत बसकी. शर्यतीची म्हणून बनवलेली. खाणीवरच्या एका गोऱ्या साहेबाची ती होती. तो मायदेशी गेला तेव्हा तिच्या मागच्या चाकांचा दांडा तुटलेला होता, आणि जाताना तो बाबांना म्हणाला, दुरुस्त करता आली तर तुझी. बाबांना दोन वर्षं लागली. मी अठरा वर्षांची झाल्यावर त्यांनी मला त्याच गाडीवर शिकवलं. कॉलनीत बोलणारे बोलले. बाबांनी मला बालाघाटला नेऊन रीतसर लायसन्स काढून दिलं.

अशा गाडीची सगळी ताकद मागच्या चाकांना आणि सगळं वजन पुढे. कोरड्या सडकेवर ती पळायची. ओल्यात मात्र तिची शेपूट कधी कुठे जाईल याचा नेम नसे. म्हणून पावसाळ्यात बाबा मला मुद्दाम धानाच्या बांधांजवळच्या चिखलात घेऊन जायचे आणि गाडी घसरवायला लावायचे. "मागचं जिकडं जाईल तिकडंच स्टिअरिंग फिरव," ते म्हणायचे. "अन् ब्रेक विसरून जाय."

"गाडी काढू?" मी विचारलं.

मामा म्हणाले, "भाऊजी, पोरीले काय मारता का? बसवाला नाही म्हणून राह्यला, तिथं हे चालवन?"

"माह्या हातात स्टिअरिंग धरवत नाही," बाबा म्हणाले. "नाही तं मीच नेली असती." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "जमन तुले?"

"हौ," मी म्हणाले. खरं तर मला माहीत नव्हतं.

माय तेवढ्यात आतून दोन घोंगड्या आणि फडक्यात बांधलेल्या भाकरी घेऊन आली होती. तिने त्या सीटवर ठेवल्या. "बसून राह्यलं तं पाच वाजतीलच," ती म्हणाली. तिच्यापुरता विषय तिथे संपला.

निघण्याआधी बाबांनी मला मागच्या दोन्ही टायरांतली हवा थोडी कमी करायला लावली, म्हणजे ते जमिनीला जास्त धरतील. हातपंप आणि दोरी सोबत घेतली. बाबा शेजारच्या सीटवर बसले आणि दोन वाजून दहा मिनिटांनी आम्ही निघालो.

गांगुलपाऱ्यापर्यंत सडक नुसती ओली होती. मग घाट सुरू झाला आणि तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर सडक दिसेनाशी झाली. दोन्हीकडचं जंगल जणू कोणी कापून खाली टाकलं होतं. फांद्या, पानं, मोडलेल्या डहाळ्या, आणि त्या सगळ्यावर गारांचा थर, कुठे चार बोटं, कुठे पोटरीच्या अर्ध्यापर्यंत. ठेचलेल्या पानांचा हिरवा वास इतका होता की घशात बसायचा. गाडीचा कापडी टप फाटका असल्याने झाडांवरचं गार पाणी आमच्या डोक्यावर पडत होतं.

"दुसऱ्यातच ठेव," बाबा म्हणाले. "पाय जड नको करू."

गाडी चढत होती. चाकांखाली गारा भरडल्याचा आवाज येत होता. मला थोडा धीर आला, आणि तिथेच चूक झाली. पुढचं वळण उभं होतं. गाडी थांबेल या भीतीने मी अॅक्सिलरेटर दाबला. मागची चाकं जागच्या जागी फिरली, शेपूट उजवीकडे दरीच्या बाजूला सुटली, आणि तीन पावसाळ्यांत शिकलेलं सगळं विसरून मी ब्रेकवर पाय दिला. गाडी सावकाश, अगदी सावकाश गोल फिरली. डोंगर माझ्या समोरून गेला, मग पुन्हा सडक. मागचं बंपर दगडांच्या कठड्याला टेकून आम्ही थांबलो.

इंजिन बंद पडलं होतं. समोर आम्ही आलो ती सडक होती, आमच्याच चाकांच्या दोन रेघा तिच्यावर उमटलेल्या.

बाबांनी त्या रेघांकडे पाहिलं. मग म्हणाले, "तोंड आता घराकडंच झालं आहे. जायचं आहे का घरी? मी काही म्हणणार नाही."

मी त्यांच्या बँडेजकडे पाहिलं. ते पाण्याने भिजून गेलं होतं. मला मायची आठवण झाली, तिच्या हातांची, दगड निवडून निवडून काळी पडलेली नखं. आणि यादीतल्या त्या पुढच्या बाईचीही आठवण झाली, जी मला ठाऊक नव्हती आणि जी उद्या माझ्या जागी वर्गात उभी राहिली असती.

"नाही," मी म्हणाले. "गाडी वळवून घेऊ."

गाडी हलकी होती, म्हणून दोघांनी ढकलून, मागेपुढे करून, ती फिरवता आली. पण चढावर उठेना. चाकं फिरायची आणि गारा मागे उडवायची. मी हाताने गारा उकरून चाकांखाली मुरूम टाकला. दोन हात पुढे जाऊन पुन्हा तेच. तीन वाजून गेले होते.

तेव्हा वर सडकेखालच्या मोरीतून दोन बाया निघाल्या. जंगलातून लाकडं आणणाऱ्या बैगा आदिवासी बाया होत्या, गारा सुरू झाल्या तशा मोरीत शिरून बसलेल्या. एकीच्या कपाळावर गोंदण होतं आणि भुवईजवळ गार लागून रक्त सुकलं होतं. त्यांच्या लाकडांच्या दोन मोठ्या मोळ्या सडकेच्या कडेला पडल्या होत्या. त्या आमच्याकडे काही वेळ बघत राहिल्या.

"गाड़ी पीछे से हलकी है," वयाने मोठी होती ती म्हणाली. "बोझा रखो."

बाबा हसले. तीस वर्षं यंत्रं दुरुस्त करणाऱ्या माणसाला ते आधी सुचलं नव्हतं. "आप लोगों को कहाँ जाना है?" त्यांनी विचारलं.

गाव घाटाच्या वर होतं. मग आम्ही त्या दोन्ही मोळ्या उचलून गाडीच्या मागच्या झाकणावर आडव्या ठेवल्या आणि बाबांनी एका हाताने, मी दोन हातांनी, त्या दोरीने घट्ट बांधल्या. ओल्या लाकडांचं वजन मला अजून आठवतं. एक मोळी उचलताना मला दम लागला. त्या बायका ती डोक्यावर घेऊन घाट चढायच्या. मग त्यांनी डहाळ्या तोडून चाकांपुढे अंथरल्या.

"मी पायीच येतो," बाबा म्हणाले. "थांबू नको. आम्ही मागं राह्यलो तरी थांबू नको. वर सपाटी लागल्यावरच थांब."

मी दुसरा गिअर टाकला आणि क्लच इतका हळू सोडला की पाय दुखायला लागला. मागची चाकं एकदा घसरली, दुसऱ्यांदा घसरली आणि मग त्यांनी जमीन धरली. गाडी उठली. पुढच्या प्रत्येक वळणावर शेपूट थोडी थोडी सुटत होती आणि मी तिच्यामागे स्टिअरिंग फिरवत होते, ब्रेककडे पाय जाऊ न देता. आरशात लाकडांशिवाय काही दिसत नव्हतं. बाबा किती मागे आहेत, कळायला मार्ग नव्हता. मी मोठ्याने वळणं मोजत होते. अकरा झाली आणि सडक सपाट झाली.

मी खाली उतरले आणि गारांतच बसले. वीस-पंचवीस मिनिटांनी ते तिघं वर आले. बाबा धापा टाकत होते. मोठ्या बाईने दोरी सोडली, मोळी डोक्यावर चढवली, आणि मला म्हणाली, "अच्छा चलाती है." मी फडक्यातल्या भाकरी त्यांना दिल्या. त्या जंगलातल्या पायवाटेने निघून गेल्या.

घाटावरच्या उकवा गावाच्या पुढे गारा नव्हत्या. आम्ही हातपंपाने टायर भरले आणि मग मी ती गाडी पळवली, जशी ती पळवायला बनवली होती. बाबांनी एकदाही हळू चालव म्हटलं नाही.

शाळेत पोहोचले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पाचला सात मिनिटं होती. हेडमास्तर कपाटाला कुलूप लावत होते. मी प्रमाणपत्रं पुढे केली. माझं लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं होतं, केसांतून पाणी गळत होतं.

"बस तो आज आई नहीं," ते म्हणाले. "आप कैसे आईं?"

"गाड़ी से."

त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाबा बॉनेटला टेकून उभे होते. "चलाई किसने?"

"मैंने."

त्यांनी चष्मा काढून पुसला, कुलूप पुन्हा उघडलं आणि रजिस्टर बाहेर काढलं. हजर होण्याच्या वेळेसमोर त्यांनी 'अपराह्न', म्हणजे दुपारनंतर, असं लिहिलं आणि पेन माझ्याकडे दिलं. माझी बोटं इतकी गारठली होती की सही वेडीवाकडी आली. पुढे तिथल्या बावीस वर्षांच्या नोकरीत माझी सही तशी कधी आली नाही.

त्या रात्री आम्ही शाळेच्या वर्गातच झोपलो. सकाळी गाडी माझ्याकडेच ठेवून बाबा बसने परत गेले. मायला काय सांगू, असं त्यांनी जाताना विचारलं. मी म्हणाले, सांगा की दहा वाजता माझा पहिला वर्ग आहे. ते हौ म्हणाले, खिडकीजवळ बसले, आणि बस सुटली.

दहा वाजता मी वर्गात गेले. चौथीचा वर्ग होता, तीस-पस्तीस पोरं, बरीचशी अनवाणी. मी फळ्यावर तारीख लिहिली आणि हिंदीत बोलायला लागले. माझं हिंदी ऐकून मागच्या रांगेतली एक मुलगी तोंडावर हात ठेवून हसली. मी तिला उभं केलं आणि विचारलं, कुठला शब्द चुकला. तिने सांगितला. मी तो फळ्यावर लिहून घेतला आणि धडा सुरू केला.