रेवाच्या वाढदिवसाच्या गारा

उज्वला महाप्याच्या एका कंपनीत पॅकिंगला होती आणि संध्याकाळी घणसोली गावातल्या भाड्याच्या खोलीत मोबाइलवर, एका गोष्टींच्या ॲपवर, कादंबरी लिहायची. रोज एक भाग, तोही खोट्या नावानं. खोटं नाव घेणं भागच होतं. चार वर्षांपूर्वी तान्ही लेक उराशी धरून ती साताऱ्याकडून पळून आली होती, आणि नवऱ्यानं, बाबासोनं, तिच्या माहेरी निरोप धाडला होता, "सापडलीस की पोरगी उचलून नेईन." एवढं सोडलं तर बाई सुखात होती. वाचक जीव टाकत होते.

जीव टाकणारे वाचक म्हणजे नसती कटकट. त्यांना नायिकेचा, रेवाचा, वाढदिवस साजरा करायचा होता आणि उज्वलानं तारीख कुठंच दिली नव्हती. मग लागली मंडळी कामाला. कादंबरीत रेवा जन्मली तेव्हा गारपीट झालेली, आदल्या दिवशी धुळीचं वादळ, दारात कैऱ्यांचा सडा. कुणी जुन्या बातम्या काढल्या, कुणी गारपिटीचे व्हिडिओ. शेवटी तारीख सापडली, तालुकाही सापडला. केकचं चित्र घातलेलं पोस्टर सगळीकडे फिरलं.

पोस्टर उज्वलानंही पाहिलं. तारीख तिच्या लेकीच्या, तेजूच्या जन्माची होती. बाकी सगळं तिनं रचलेलं, पण बाळंतपणाचा दिवस मात्र जसाच्या तसा उतरवला होता. दुसरं काही सुचलंच नव्हतं तिला.

घाईघाईनं तिनं तो भाग बदलला. गारा काढल्या आणि खिडकीतून दिसत होतं तेच लिहून टाकलं: डोंगराकडे काळाकुट्ट ढग, दारात धो धो सर आणि खाडीवर मात्र लख्ख ऊन. सुटले बाई, असं वाटलं तिला. पण वाचक कसले ऐकतात!

"ताई, हा तर मंगळवारचा पाऊस! घणसोलीतच पडला, नेरूळला थेंब नाय. तुमी आमच्याच इथल्या?" खाली लाल बदामांच्या इमोजींची रांग. बिचाऱ्यांना काय ठाऊक! त्यांच्यावर रागावायचं तरी कसं?

धास्तीनं तिनं ॲप उघडणंच सोडलं. रविवारी हिय्या करून उघडलं, तर एका नव्या वाचकाची कमेंट होती, परवाचीच.

"गारा का काडल्या? पोरीच्या मुठीत गार कुनी ठिवली, ते बी न्हाई लिवलं."

ते तिनं कुठंच लिहिलं नव्हतं. दवाखान्याच्या अंगणातून गार उचलून आणून बाबासोनं ती नुकत्याच जन्मलेल्या पोरीच्या मुठीत दाबली होती. पोर किंचाळत होती आणि हा हसत होता.

घणसोलीचं नाव तर वाचकांनीच कमेंटमध्ये लिहून ठेवलं होतं. साताऱ्याकडची, एकटी बाई, लहान पोर, एवढं विचारलं तरी गावठाणात कुणीही खोली दाखवली असती. आणि तेजू खाली खेळत होती.

हाका मारत ती जिन्याकडे धावली. तेजू वरच येत होती, मूठ घट्ट मिटून. बोटांतून पाणी गळत होतं.

"आई, खाली एका काकांनी बर्फ दिला. म्हणाले, आईला दाखव."