दूध करपवणारी ओतिलिया

दूध करपले म्हणून गिऱ्हाइकाने तक्रार करावी, हे जगात कुठेही घडते. ओतिलियाच्या दुकानात त्या दिवशी आलेली तक्रार नेमकी उलटी होती. समोरच्या गल्लीतला न्हावी आन्सेल्मो हातातला पेला उन्हात धरून दारातच थांबला, पुन्हा एकदा चमचा चाटून त्याने खात्री करून घेतली आणि वडीलधाऱ्या बायकांच्या नावाआधी लावतात ते 'दोन्या' लावून म्हणाला,

"दोन्या ओतिलिया, रागावू नका. पण आज तुमचं दूध करपलेलंच नाही."

"करपलेलं नाही म्हणजे?"

"नुसतं उकळलंय. हे एखाद्या बाळंतिणीला द्या आणि मला माझं द्या."

दुकानात बसलेले चौघे हसले. ओतिलियाही हसली, पेला परत घेतला, त्याला लिंबाचे आइस्क्रीम भरून दिले. पण पेला धुण्याआधी तिने तो नाकाशी धरून पाहिला. आन्सेल्मो खोटे बोलणारा माणूस नव्हता, आणि तो खरे बोलतो आहे की नाही हे तपासण्याचे साधन तिच्याजवळ उरले नव्हते.

मेक्सिकोतल्या ओआहाका शहरात उन्हाळा तापू लागला की माणसे सावली शोधत निघतात आणि शेवटी कुठल्या तरी नेवेच्या दुकानात टेकतात. नेवे म्हणजे लाकडी बादलीत बर्फ आणि खडेमीठ घालून, मधला पॉट हाताने फिरवून गोठवलेले आइस्क्रीम. फळांचे नेवे कुणीही करील. दुकानाची पत ठरते ती करपवलेल्या दुधाच्या नेवेवर, ज्याच्यावर फड्या निवडुंगाच्या लाल बोंडांचा गर घालतात. पसरट पातेल्यात दूध घ्यायचे, खाली लाकडांची सणसणीत आच ठेवायची आणि ढवळायचे नाही. दूध तळाला लागले पाहिजे, लागल्याचा धूर वर चढून साऱ्या दुधात मुरला पाहिजे, आणि त्या क्षणी पातेले उतरवले पाहिजे. थोडे आधी उतरवले तर ती खीर. थोड्या वेळाने उतरवले तर ते कडू पाणी, मोरीत ओतायचे. तो क्षण डोळ्यांना दिसत नाही, कारण वरची साय सगळे झाकून असते. तो फक्त नाकाला कळतो.

ओतिलियाचे नाक हिवाळ्यातल्या तापात गेले होते. ताप उतरला, अशक्तपणा गेला, वास परत आला नाही. जिभेला गोड, आंबट आणि गार एवढेच कळे. तिने हे कुणालाही सांगितले नाही. सवयीच्या अंदाजाने ती पातेले उतरवत राहिली, आणि करपण्याच्या भीतीने रोज थोडे अधिक लवकर उतरवू लागली. आन्सेल्मोच्या बोलण्याने ते उघडे पडले.

दुसऱ्या दिवशी तिने मनाचा हिय्या करून पातेले चुलीवर जास्त वेळ राहू दिले. स्टुलावर हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून ती वाट पाहत बसली. काही वेळाने पाण्याची बादली घेऊन सून यादिरा धावत आली.

"आई! बसलात काय? सगळं जळतंय!"

अंगण धुराने भरले होते. ओतिलियाने वर पाहिले तेव्हा तिला तो धूर पहिल्यांदा दिसला. यादिराने चुलीत पाणी ओतले, खोकली, डोळे पुसले, आणि सासूच्या चेहऱ्याकडे पाहून थबकली.

"तुम्हाला वास येत नाही."

ओतिलियाने फडक्याने धरून जळके पातेले खाली उतरवले.

"कधीपासून?"

"तापापासून."

"आणि तरी रोज जेवताना म्हणत होतात, यादिरा, घेवड्यात मीठ कमी, यादिरा, मिरची करपट लागते?"

"अंदाजाने म्हणत होते."

"अंदाजाने! आणि मी आत जाऊन रडत होते!" यादिरा म्हणाली, आणि मग दोघींनाही हसू फुटले.

यादिरा समुद्रकाठच्या गावची, कोळ्यांच्या घरची. नवरा मालमोटारीवर, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून तिने बर्फ फोडला, पॉट फिरवले, पेले धुतले, गिऱ्हाइकांशी गोड बोलली. पण दुधाच्या चुलीपाशी ओतिलियाने तिला कधी उभे राहू दिले नव्हते. सांगितलेले कारण असे की समुद्रकाठच्या माणसांना दुधातले काय कळणार. खरे कारण याहून साधे होते. ज्याच्याजवळ एकच गोष्ट आहे ती गोष्ट तो दुसऱ्याच्या हातात देत नाही, मग दुसरा घरचाच का असेना. कौशल्याला मालमत्तेसारखे जपण्याची ही रीत गरिबीतून येते. तिच्यात दुष्टावा नसतो, पण तिने घरात जे अंतर पडते ते खरे असते.

"आता आपण लिंबू, आंबा, स्ट्रॉबेरी एवढंच ठेवू," यादिरा म्हणाली. "नाहीतर धुराचा अर्क मिळतो बाटलीत. दोन थेंब टाकले की झालं."

"आणि समारियाच्या शुक्रवारी देवळाच्या दारात बाटलीतला धूर वाटू?"

ईस्टरआधीच्या उपवासकाळातला चौथा शुक्रवार जवळ आला होता. विहिरीवर येशूला पाणी पाजणाऱ्या समारियाच्या बाईची आठवण म्हणून त्या दिवशी सारे शहर दारोदार सरबते आणि नेवे वाटते. पैसे घ्यायचे नाहीत, नको म्हणायचे नाही, आणि समोर कोण उभे आहे हे पाहायचे नाही. त्यांच्या हालात्लाको वस्तीच्या चर्चच्या दारात करपवलेल्या दुधाचे नेवे ओतिलियाच्या आईने वाटले होते, आणि तिच्यानंतर ओतिलियाने. विकलेली वस्तू फसली तर माणूस दुसऱ्या दुकानात जातो. दिलेली वस्तू फसली तर घेणाऱ्याला तेही म्हणता येत नाही. म्हणून त्या दिवशी वाईट वस्तू देणे हे तिच्या मते पाप होते, आणि काहीच न देणे त्याहून मोठे.

"दूध मीच करपवणार," ओतिलिया म्हणाली. "उद्यापासून दुपारी दुकान बंद. डोक्याला रुमाल बांध. आपण गावभर नेवे खात हिंडणार."

"दुसऱ्यांच्या दुकानात? लोक काय म्हणतील?"

तिचे म्हणणे बरोबर होते. नेवे करणारी बाई दुसरीच्या दुकानात चमचा उचलत नाही. ती चव चोरायला आली असे सगळे धरतात, आणि बहुतेक वेळा ते खरेही असते.

"लोकांना म्हणू दे. माझं नाक मेलंय, तुझं जिवंत आहे. तुझ्या नाकाला काय शोधायचं ते ठाऊक नाही, मला ठाऊक आहे. माझ्याकडचं तुझ्याकडे आणायला एवढाच रस्ता आहे."

"इतकी वर्षं मला चुलीजवळ फिरकू दिलं नाहीत."

"नाही दिलं. आता देते. रागावायचं असेल तर चालता चालता रागाव."

मग त्या दोघी भर दुपारी शहर पालथे घालू लागल्या. नीलमोहराची फुले फरसबंदीवर पडून चिकट झाली होती. बाजारातल्या छपराखालचे दुकान, बसथांब्याजवळचे, टेकडीवरच्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्याचे घरचे दुकान जिथे एकच पॉट आणि एकच बाक होता. प्रत्येक ठिकाणी यादिराने पहिला चमचा तोंडात ठेवायचा, डोळे मिटायचे आणि काय लागते ते सांगायचे.

"गोड."

"गोड मलाही लागतं. त्याच्या मागे काय आहे?"

"धूर."

"कसला? धूर एकच नसतो."

"इस्त्रीखाली राहिलेल्या सदऱ्यासारखा."

"हा बाहेरचा धूर. पातेल्याच्या काठावरून आलेला. दुधात मुरलेला नाही. चल पुढे."

पर्यटकांच्या रस्त्यावर काचेच्या पेटीत, यंत्रावर फिरवलेले नेवे होते. यादिराने चमचा ठेवला आणि लगेच म्हणाली, "बाटली." ओतिलियाने मान डोलावली. पोरीचे नाक चांगले आहे, हे तिला त्या दिवशी कळले. यादिराची आई टोपलीतल्या माशाचे कल्ले न उघडता तो कधीचा आहे हे सांगत असे. हे यादिराने पूर्वीही एकदा सांगितले होते. तेव्हा ओतिलियाने ऐकले नव्हते.

टेकडीवरच्या म्हाताऱ्याकडे यादिराने डोळे मिटूनच दुसरा चमचा घेतला. मग म्हणाली, "तव्यावर विसरलेली मक्याची भाकरी. काळी झालेली नाही. काळी व्हायच्या आधीची."

ओतिलियाने तिचा दंड धरला. "हे. हेच. हे विसरू नकोस."

शेवटी त्या सोलेदाद चर्चच्या खालच्या चौकात आल्या. तिथे झाडांखाली दुकानांची रांगच आहे, आणि त्यातले एक आंपारोचे. आंपारो आणि ओतिलिया तरुणपणापासून एकमेकींचे नाव घेताना तोंड वाकडे करत आल्या होत्या. भांडण कशावरून झाले होते हे आता दोघींनाही नीट सांगता आले नसते.

"अग बाई, कोण हे!" आंपारो गल्ल्यामागून मोठ्याने म्हणाली. "हालात्लाकोतलं दूध संपलं वाटतं?"

"दोन पेले द्या, दोन्या आंपारो. करपवलेल्या दुधाचे."

"देते की. पाहुण्यांना नाही कसं म्हणू?"

तिने आत जाऊन दोन पेले भरून आणले, दोन्हींवर लाल बोंडांचा गर भरपूर घातलेला. एक ओतिलियासमोर ठेवला, एक यादिरासमोर, आणि हात कमरेवर ठेवून उभी राहिली.

"सांगा आता, करपलंय कसं?"

ओतिलियाने चमचा तोंडात धरला. गार, गोड. ती नेहमीच्या अंदाजाने म्हणाली, "आच जरा जास्त झाली."

यादिराने मान वर केली, पण तोवर उशीर झाला होता. आंपारो चौकाला ऐकू जाईल अशी हसली.

"जास्त! अहो, तुमच्या पेल्यात करपवलेलं दूध नाहीच. नुसतं दूध आणि दालचिनी. आज चार दुकानांतून मला निरोप आला, म्हातारी सुनेलाच चव विचारत फिरतेय. मला संशय होताच."

आजूबाजूच्या दुकानांतल्या बायका काम थांबवून पाहू लागल्या. यादिराने सासूच्या बाहीला हात लावला. इथून मुकाट्याने निघून जाता आले असते. ओतिलिया उठून उभी राहिली, पण निघाली नाही.

"तापात माझं नाक गेलं," ती सर्वांकडे पाहून म्हणाली. "वास येत नाही, चव अर्धी येते. ज्यांना सांगायचं त्यांनी सांगा. फक्त नीट सांगा, भलतंच सांगू नका."

आंपारोचे हात कमरेवरून खाली आले.

"मग शुक्रवारी काय करणार?"

"दूध करपवणार."

"नाकाशिवाय?"

"नाक बरोबर आणलंय," ओतिलिया म्हणाली आणि यादिराकडे हात केला.

आंपारोने यादिराला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. मग तिच्यासमोरचा अर्धा पेला उचलून नेला आणि काठोकाठ भरून आणला. "खा, पोरी. सावकाश खा. माझं शिकून हिच्याकडे करपवलंस तर त्या वस्तीला एकदा तरी चांगलं खायला मिळेल."

घरी अंगणात त्यांनी सराव केला. थोडे दूध, छोटे पातेले. पण अडचण अनपेक्षित ठिकाणी निघाली. यादिराचे नाक चुकत नव्हते, ओतिलियाचा हात चुकत होता. यादिराने तोंड उघडण्याआधीच तो पातेल्याच्या कडीकडे जाई. जन्मभर स्वतःच्या नाकाचे ऐकलेला हात दुसऱ्याचे ऐकायला तयार नव्हता. दोनदा खीर झाली. तिसऱ्या वेळी यादिरा वैतागून म्हणाली,

"मला विचारायचंच नसेल तर उभी कशाला करता इथे?"

ओतिलियाने चूल विझवली. त्या दिवशी तिने आणखी दूध तापवले नाही. वापरलेली पातेली तिने स्वतः घासली, आणि घासताना तिच्या ध्यानात आले की नाक गेल्याचे दुःख तिने पचवले आहे. दुसऱ्याच्या शब्दावर हात हलवणे तिला अजून पचलेले नाही.

शुक्रवारी उजाडायच्या सुमारास मोठे पातेले चुलीवर चढले. दूध एवढे होते की फसले असते तर पुन्हा आणायला वेळ नव्हता. ओतिलियाने दोन्ही हातांना ओले फडके गुंडाळले आणि ते पोटाशी धरले. यादिरा पातेल्यावर वाकली.

साय चढली, फुगली, बसली. काठ पिवळट झाले, मग तपकिरी. ओतिलियाच्या डोळ्यांनी सांगितले, आता.

"अजून नाही," यादिरा म्हणाली.

काठांवरून बारीक धूर सुटला. सायीवर एक तपकिरी ठिपका उमटला. नाक असताना इतके पुढे ओतिलियाने कधी जाऊ दिले नव्हते. कोळ्यांची पोर सगळे जाळून टाकणार, हे तिच्या अगदी ओठांवर आले. हात पुढे गेले. तिने ते मागे घेतले.

"अजून नाही, आई."

"बरं."

"उतरवा!"

दोघींनी मिळून पातेले उतरवले. दूध गाळले, गार केले, पॉटमध्ये भरले. बर्फ, खडेमीठ, आणि मग ओतिलियाचे हात, जे पॉट फिरवण्यात अजून कुणाला हार जाणारे नव्हते.

चर्चच्या दारात केळीची पाने बांधली होती, रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती. ओतिलिया देत होती आणि घेणाऱ्यांचे चेहरे वाचत होती. पण देणाऱ्यासमोर सारेच चेहरे सभ्य असतात, त्यांतून तिला काही कळेना. आन्सेल्मोने आपला पेला रिकामा केला आणि तो रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभा राहिला. एवढ्यावर विसंबावे तर न्हावी गरम दिवशी काहीही दोनदा खातो.

दुपारी आंपारो आली. आपला पॉट बहिणीकडे सोपवून शहराच्या त्या टोकापासून चालत आली होती, घामाने भिजली होती. त्या दिवशी कुणाला नाही म्हणता येत नाही, आणि ओतिलियाच्या मनातही ते नव्हते. तिने पेला भरून दिला. आंपारोने बोंडांचा गर चमच्याने बाजूला सारला, खालचे दूध खाल्ले, जरा वेळ जिभेवर घोळवले.

"हे तुझं नाही," ती म्हणाली.

"नाही."

"तुझ्यापेक्षा पुढे गेलंय. कडू होता होता राहिलंय. मी असं केलं नसतं. पण..." तिने पेला पुढे केला. "आणखी घाल."

ओतिलियाने पेला हातात घेतला, आणि भरण्याऐवजी मागे वळून हाक मारली.

"यादिरा, इकडे ये. दोन्या आंपारो दुधाबद्दल बोलतायत. ते तू ऐक. मला त्यातलं काय कळणार?"

यादिरा एप्रनला हात पुसत पुढे आली. आंपारोने तेच पुन्हा सांगितले, यावेळी थोडे अधिक कडक शब्दांत. यादिराने शांतपणे ऐकून घेतले.

"मला तेवढंच पुढे न्यायचं होतं," ती म्हणाली.

"न्यायचं होतं म्हणजे? चुकून नाही झालं?"

"नाही. आईंचं मी जेव्हा चाखलं तेव्हा मला ते थोडं भित्रं वाटायचं."

आंपारोने भुवया उंचावून ओतिलियाकडे पाहिले. रांगेतल्या बायकाही पाहू लागल्या. भित्रं! ओतिलियाच्या तोंडावर रक्त चढले. आईने करपवलेले दूध, तिने स्वतः करपवलेले दूध, सारी वर्षे. तिच्याजवळ उत्तर होते, चांगले तिखट उत्तर. पण ते उत्तर ज्या चवीबद्दल द्यायचे, ती चव आता तिच्या तोंडात येणार नव्हती, आणि यादिराच्या तोंडात होती.

तिने हातातली मोठी पळी यादिराला दिली, ती उभी होती ती जागा तिला करून दिली, आणि बादलीमागच्या स्टुलावर बसून पॉटची कडी धरली.

"दे त्यांना," ती म्हणाली. "आणि आता दुसरा पॉट लागणार, बर्फ फोडायला कुणाला तरी पाठव."