हात दुसऱ्यांदा वर

लोकशाही आणि भांडवलशाही यांच्याहून बरी व्यवस्था जगात नाही, असं टीव्हीवर कोणी छातीठोकपणे सांगायला लागलं की मी आवाज बंद करते. विद्वानांशी वाद घालण्याची माझी ऐपत नाही. पण माझ्या मामाने या दोन्हींचा संसार एकाच छपराखाली पाहिला, आणि त्यात मामाचं काय झालं ते मी पाहिलं.

मामा फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशवाला. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख कापडाच्या बोळ्याने लाकडावर फिरवायची, वाळू द्यायची, घासायची, पुन्हा फिरवायची. जन्मभर हेच केल्यामुळे त्याची नखं तपकिरी झाली ती झालीच. मामी त्याच कारखान्यात गाद्या शिवायची. त्यांचं लग्नही तिथेच जमलं. मामी म्हणते, "मी खुर्चीचं माप घ्यायला गेले होते, हे वर फुकट मिळाले."

जुना मालक धंदा बुडवून पसार झाला तेव्हा कुलूप लागायच्या ऐवजी कामगारांनीच कारखाना चालवायला घेतला. त्यात मामा सगळ्यांच्या पुढे. झाडूवालीपासून हिशेबनिसापर्यंत प्रत्येकाला एक मत. मामाचं म्हणणं साधं होतं: "चार-पाच वर्षांतून एकदा मत द्यायचं आणि रोज आठ तास दुसऱ्याचा हुकूम ऐकायचा, ही कसली लोकशाही? आधी जिथे राबतो तिथे विचारा की आम्हाला."

सुरुवातीला भांडणं फार झाली. सुट्टीच्या वारावरून एकदा मतदान झालं, सुतार हरले, आणि महिनाभर त्यांनी गादीवाल्या बायकांशी बोलणं टाकलं. कपाटं तयार, पण शेजारच्या खात्यात उचलून न्यायला कोणी हात लावेना. त्यावर मामाने एक पद्धत काढली. आधी हात वर करून मोजणी करायची. निकाल लागला की हरलेल्यांनीही दुसऱ्यांदा हात वर करायचा, म्हणजे निर्णय सगळ्यांचा झाला, राग तिथेच संपला. कागदावर नोंद 'एकमताने' अशी. मी त्याला चिडवायचे, "मामा, हरलेल्यांना टाळ्या पण वाजवायला लाव." तो हसायचा. म्हणायचा, "अगं, उद्या सकाळी त्याच माणसाबरोबर कपाट उचलायचं असतं."

खरं सांगते, पद्धत चालली. कित्येक वर्षं चालली. एवढी मनं सांभाळणारा कारखाना मी दुसरा पाहिला नाही.

मग बाजारात स्वस्त, तयार, खोक्यातून येणारं फर्निचर आलं आणि आमच्या टेबलांना गिऱ्हाईक मिळेना. एक बडी कंपनी कारखाना विकत घ्यायला तयार झाली. मामा जेवणाच्या सुट्टीत प्रत्येकाच्या डब्याशेजारी जाऊन बसला. "विकू नका. पगार कमी घेऊ, पण विकू नका." लोक मान डोलवायचे. मामाला मान डोलवणं म्हणजे होकार वाटायचा, भाबडा कुठला.

मामीने मात्र घरी तोंडावर सांगितलं होतं, "अहो, माझे गुडघे गेलेत. मला आता कारखाना चालवायचा नाही, नुसतं काम करून घरी यायचंय. मी विकायच्या बाजूने आहे."

"तुझं मत तुझं," मामा म्हणाला. त्या रात्री तो जेवला नाही.

सभेत मामीचा हात विक्रीच्या बाजूने वर गेला. अर्ध्याहून जास्त हात गेले. मोजणी झाली आणि सगळी शेड मामाकडे बघायला लागली. मामा उठला आणि त्याने दुसऱ्यांदा हात वर केला. त्याच्यामागून विरोधातल्या सगळ्यांनी केले. सगळ्यांत शेवटी थोरल्या सुताराने, दात-ओठ खात.

आठवड्याभराने सुताराला कोणीतरी सांगितलं की विक्रीला ज्यांचा विरोध होता त्यांना कोर्टात हरकत घेता येते. तो मामाला घेऊन वकिलाकडे गेला. मीही गेले होते. वकील म्हणाला, "पण विरोध कोणाचा होता? इथे तर एकमत आहे."

मामा त्याला ती पद्धत समजावून सांगायला लागला. कशी सुरू झाली, का सुरू झाली. वकिलाने शांतपणे ऐकून घेतलं, आणि असं कोर्टात सांगू नका म्हणाला. बाहेर पायऱ्यांवर सुतार मामाला म्हणाला, "हात तुम्ही वर करायला लावलात." एवढं बोलून तो निघून गेला. मला त्या सुताराचा राग आला, आणि मामाचा त्याहून जास्त. माणसाने चांगलं असावं, पण इतकं की लबाडांना फावावं?

कारखाना विकला गेला, आणि कंपनीने पाठवलेल्या नव्या मॅनेजरला ही पद्धत फार आवडली. का नाही आवडणार? त्याने मामाला कामगारांचा प्रतिनिधी होण्याची गळ घातली. मामाने नकार दिला, मग ते पद हिशेबनिसाने आनंदाने घेतलं. मतदान बंद झालं नाही, उलट वाढलं. चहा किती वाजता, भिंतीला रंग कोणता. लोक हौसेने हात वर करायचे. आणि वर्षाच्या आत एक ठराव आला: पॉलिशचं खातं बंद, त्या जागी फवारणीचं यंत्र. खात्यातल्यांना भरपाई मिळेल, पण ठराव एकमताने झाला तरच.

त्या सभेचं मला मामीने सांगितलं. मोजणी झाली, ठराव मंजूर झाला. ज्यांचा विरोध होता त्यांनी सवयीप्रमाणे दुसऱ्यांदा हात वर केले. मामाने केला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो हात मांडीवर ठेवून बसून राहिला. मॅनेजर गोड आवाजात म्हणाला, "मामा, तुमच्यासाठी सगळे थांबलेत." पॉलिशवाले मागे वळून बघायला लागले. त्यांच्या घरी पोरंबाळं होती.

शेवटी शेजारी बसलेल्या मामीने त्याचं मनगट धरलं आणि हात वर उचलला.

"मग?" मी विचारलं.

मामी भाजी निवडत होती. खाली मान घालूनच म्हणाली, "मला वाटलं होतं, हिसडा देऊन सोडवून घेतील. नाही घेतला गं."